सतरावा प्रश्न

बावीस वर्षांत पहिल्यांदा कडकताईच्या हातून कापड जळलं, आणि ते नेमकं आमचं होतं. दिवाणखान्याचा पडदा. खालच्या काठावर इस्त्रीचं टोक उमटलं होतं, तपकिरी, होडीसारखं. लाँड्रीचे मालक स्वतः पडदा घेऊन दारात आले. एरवी ते कधी काउंटर सोडत नाहीत.

"वहिनी, रागवा, पण तिच्यावर नका रागवू. सकाळपासून ती कुठे आहे तेच कळत नाहीये. आहे टेबलापाशीच, पण नाहीये."

कडकताई हे काही तिचं नाव नव्हे. तिच्या हातची खळ अशी की शर्ट खुर्चीवर ठेवला तर आपला आपण बसून राहील, असं मालक गिऱ्हाइकांना सांगत, त्यावरून ते पडलं. चालणंही तसंच ताठ, मान न वळवता. त्रेपन्न वर्षांची बाई. नव्या माणसाला वाटतं, हिच्याशी बोलायचं कसं? पण कुणाच्या खिशात बसचं जुनं तिकीट सापडलं तरी ती ते घडीवर टाचणीने लावून परत करते. "असेल कामाचं," म्हणते.

पडद्याचं कारण सांगायला ती संध्याकाळी स्वतःच आली. लाँड्रीचा निळा एप्रन अंगावर तसाच. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि एप्रनच्या खिशातून तिने एक लांबट पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. वर चर्चचा शिक्का होता. पाकिटाच्या कडा मऊ झाल्या होत्या, तीन दिवस खिशात फिरल्यामुळे. फोडलेलं नव्हतं.

"लाँड्रीच्या पत्त्यावर आलं," ती म्हणाली. "म्हणजे त्यानेच दिला असणार पत्ता. त्याला माहीत आहे, घर बदलेल पण मी इस्त्री सोडणार नाही. वहिनी, तुम्ही फोडा. माझ्याच्याने होत नाही."

"तो" म्हणजे तिचा नवरा. लिफ्टचा मेकॅनिक. अकरा वर्षं संसार करून सतरा वर्षांपूर्वी तो दुसऱ्या शहरात कामाला गेला आणि तिथलाच झाला. कोर्टातून घटस्फोट घेतला, एका नर्सबरोबर कोर्टातच लग्न केलं. त्यांना एक मुलगी आहे हे कडकताईला कळलेलं होतं. तेवढंच.

मी पाकीट फोडलं. आमच्या घरातलं कुणी चर्चला जात नाही, त्यामुळे पत्र वाचूनही मला अर्धं कळलं नाही. लिफ्टवाल्याने चर्चच्या न्यायमंडळाकडे अर्ज केला होता, की माझं पहिलं लग्न मुळात लग्न नव्हतंच असं जाहीर करा. कडकताई या अर्जातली दुसरी बाजू. सोबत तेवीस प्रश्न. उत्तरं लिहून आणायची आणि तीन आठवड्यांनी स्वतः हजर राहून, पवित्र ग्रंथावर हात ठेवून, ती खरी असल्याची शपथ घ्यायची.

"पण तुमचा घटस्फोट झालाय ना?" मी विचारलं.

"तो कोर्टाचा. सरकारी कागदावरचा. आमच्याकडे तो धरत नाहीत, वहिनी. देवापुढे गाठ बसली की ती दोघांपैकी एक मरेपर्यंत. कोर्टाने काही म्हणो."

"मग आता चर्च ती सोडवणार?"

"सोडवत नाही हो. कुणीच नाही सोडवू शकत, अगदी वरपर्यंत कुणी नाही. ते फक्त मागे जाऊन बघतात, त्या दिवशी गाठ बसली होती का. नसेल बसली, तर दोघं मोकळे. मग त्याला त्या बाईशी चर्चमध्ये लग्न करता येईल. आणि मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, पुढे जाऊन कम्युनियन, ती पवित्र भाकरी, घेता येईल. आत्ता नाही घेता येत त्याला. एक लग्न उभं असताना दुसरीबरोबर राहतो ना."

अर्जाच्या प्रतीत लिफ्टवाल्याने कारणही लिहिलं होतं. त्या मुलीची पहिली कम्युनियन पुढल्या वर्षी आहे. ती विचारते, सगळ्यांचे बाबा पुढे जातात, माझे मागच्या बाकावर का बसून राहतात?

कडकताईने ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "मीसुद्धा बसले होते मागच्या बाकावर. दोन वर्षं."

ही गोष्ट मला नवीन होती. कोर्टाचा घटस्फोट झाला तेव्हा चर्चमधल्या बायकांनी तिला सांगितलं होतं, की घटस्फोटितेला कम्युनियन चालत नाही. हिने ऐकलं. कुणाला विचारलं नाही. दोन वर्षं रांग पुढे सरकायची, ही गुडघे दाबून बसून राहायची. शेवटी तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांनीच तिला गाठलं, "तुझं काय बिनसलंय माझ्याशी?" हिने कारण सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. अगं, नवरा सोडून गेला यात तुझं काय पाप? तू दुसरं लग्न केलंयस का? कुणाबरोबर राहतेयस का? मग ये की पुढे! दोन वर्षं उपाशी राहिलीस, आणि तीही ताट समोर असताना!

त्याच फादरांनी नंतर तिला वेदीवरची वस्त्रं धुवायचं काम दिलं. चौदा वर्षं झाली. दर शनिवारी ती कापडात बांधलेलं छोटं गाठोडं घरी आणते. मिस्सेत ज्या पांढऱ्या रुमालांनी पेला पुसतात, ते त्यात असतात. त्यांची रीत वेगळी. आधी साध्या पाण्यात बुडवायचे, कारण त्यावर पवित्र द्राक्षरसाचा थेंब राहिला असेल, भाकरीचा कण राहिला असेल. ते पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, मातीत ओतायचं. तिच्या जिन्याखाली त्यासाठी एक कुंडी आहे, तिच्यात कुणी थुंकलं तर त्याची धडगत नसते. मग साबण, मग खळ, मग इस्त्री, आणि घडी अशी की मधोमध क्रूस उमटला पाहिजे.

तर ते प्रश्न. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. पुढच्या तीन संध्याकाळी आम्ही ओट्याशी बसलो. ओळख कशी झाली, घरच्यांचं काय म्हणणं होतं, लग्नाच्या दिवशी कुणी जबरदस्ती केली का. कडकताई सांगत गेली, मी लिहीत गेले. लाजरी नव्हे, पण मोजून बोलणारी बाई, तरी तिला सगळं आठवत होतं. त्याच्या नव्या बुटांचा चॉकलेटी रंगसुद्धा.

सतरावा प्रश्न मी वाचून दाखवला. विवाहापूर्वी अर्जदाराने, हे बंधन जन्मभराचे मानत नसल्याचे आपणाजवळ बोलून दाखवले होते काय? असल्यास केव्हा, कोठे, कोणत्या शब्दांत?

तिने कप बाजूला सारला. चहावर साय धरली.

"हा प्रश्न त्याने घालायला लावलाय," ती म्हणाली. "त्याला माहीत आहे. फक्त आम्हा दोघांनाच माहीत आहे."

लग्नाला पाच दिवस होते. तो एका सहा मजली इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनच्या खोलीत काम करत होता, आणि ही त्याचा डबा घेऊन सहा जिने चढून गेली होती, कारण लिफ्ट अर्थातच बंद. ग्रीसने माखलेले हात चिंधीला पुसत तो म्हणाला होता, "तुला एक आधीच सांगून ठेवतो. फादरपुढे मी हो म्हणणार, ते काय विचारतील त्याला हो म्हणणार. पण जन्मभराची कैद मला मान्य नाही. नाही जमलं तर मी कोर्टातून मोकळा होणार आणि दुसरं बघणार. हे माझं ठरलेलं आहे. नंतर म्हणू नकोस, बोलला नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, डबा गार होतोय."

आम्ही दोघीही हसलो. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वाटलं, बोलतात पुरुष. लग्न झालं, पोर झालं, की रुळेल. कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, फादरांना तर मुळीच नाही, त्यांनी लग्नच लावलं नसतं. आणि हे मी आता सांगितलं, वहिनी, तर सगळं संपलं. ते म्हणतील, ज्याने मनात मोडायचं ठरवून हो म्हटलं त्याचं हो कसलं? लग्न झालंच नव्हतं. मग माझी पोर काय ठरली?"

इथे मला तिची भीती कळली. तिची लेक सव्वीस वर्षांची, इस्पितळात एक्स-रे काढते. तिचं लग्न ठरलं होतं. महिनाभराने रविवारच्या मिस्सेत नावं पुकारली जाणार होती, एकामागून एक तीन रविवार, म्हणजे कुणाला काही हरकत असेल तर सांगता यावी. आणि होणारी विहीण ही शाळेतून निवृत्त झालेली बाई. लेकीच्या बाप्तिस्म्याचा दाखला तिने दोनदा मागून घेतला होता, दुसऱ्यांदा चष्मा लावून.

"फुलांच्या बाई म्हणत होत्या," कडकताई म्हणाली. या बाई चर्चमध्ये फुलं रचतात आणि बातम्याही. "त्यांच्या मावसबहिणीच्या घरात झालं म्हणे असंच. लग्नच नव्हतं म्हटल्यावर पोरं कुणाची म्हणायची? पहिल्या रविवारी नाव पुकारलं आणि त्या चष्म्याने उभं राहून विचारलं तर?"

"फादरांना विचारा ना."

"आणि ते हो म्हणाले तर?"

मी कागद पुन्हा पुढे ओढला.

"लिहा," ती म्हणाली. "आठवत नाही."

आधीची सोळा उत्तरं मी शाईने लिहिली होती. हे पेन्सिलीने लिहिलं. तिने ते पाहिलं आणि पुढच्या प्रश्नावर बोट ठेवलं. उरलेले सहा प्रश्न आम्ही भराभर उरकले.

त्यानंतरच्या शनिवारी ती गाठोडं घेऊन आली नाही असं नाही. आणलं. पण मंगळवारी मी तिच्याकडे वाटी परत द्यायला गेले तर ते खुर्चीवर तसंच बांधलेलं. शनिवारी धुवून रविवारी सकाळी परत जाणारं गाठोडं! मी विचारलं, तर म्हणाली, मनगट दुखतंय. त्याच मनगटाने दिवसाला साठ शर्ट चाललेच होते. बुधवारी चर्चमध्ये वेदीची व्यवस्था बघणारे काका विचारायला आले. त्यांनाही तिने मनगटच सांगितलं आणि म्हणाली, या खेपेला दुसऱ्या कुणाला द्या. काका बिचारे हातात टोपी घेऊन उभे. "दुसरं कोण आहे? मागे तुम्ही आजारी होता तेव्हा मी धुतले. फादर म्हणाले, हे रुमाल आहेत की पापड?"

ती हसली नाही. काका गाठोडं न घेताच गेले. तिने ते खुर्चीवरून उचलून कपाटावर ठेवलं, डोळ्यांसमोर नको म्हणून. पण जेवताना मान वर जायचीच.

हे सगळं लेकीच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. माणसाच्या आतलं बघणं हेच तिचं काम, असं ती स्वतःच म्हणते. गुरुवारी ती सरळ माझ्याकडे आली.

"काकू, आईला काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे. मला सांगा, नाहीतर मी इथेच बसते आणि तुमचे सगळे लाडू संपवते."

मी म्हटलं, आईलाच विचार. तेवढ्यात कडकताई आलीच, लेकीला शोधत. आणि मग माझ्याच स्वयंपाकघरात ते बाहेर पडलं, बापाचा अर्ज, सतरावा प्रश्न, चष्मा, सगळं. लेक ओट्याला टेकून ऐकत होती.

"म्हणजे मी बेवारस ठरीन म्हणून तू शपथेवर खोटं बोलणार? आई, मी काय वॉरंटी कार्ड हरवलेला मिक्सर आहे का?"

"तुला थट्टा सुचतेय!"

"मग काय करू? आणि चष्म्याचं म्हणशील, तर तिच्या मुलाला मी आधीच सगळं सांगितलंय. बाबा कुठे राहतात, कुणाबरोबर राहतात. तो म्हणाला, आईला मी सांभाळतो."

"सांभाळतो म्हणे! त्याला अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत."

"चल," लेक म्हणाली. "फादरांकडे. आत्ता. आणि ते गाठोडंही घे, धुतलेलं नसलं तरी."

"नको गं."

"आई, तू दोन वर्षं मागच्या बाकावर बसली होतीस, कुणाला न विचारता. आता किती वर्षं बसणार आहेस?"

मला वाटलं आता भांडण होणार. पण कडकताईने नुसता एप्रन सोडला, घडी केली, आणि निघाली.

पुढचं मला लेकीने सांगितलं. आताचे फादर तरुण आहेत. ते आतल्या खोलीत मायक्रोफोनची वायर सोडवत बसले होते. कडकताईने गाठोडं टेबलावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच विचारलं, "माझं लग्न झालंच नव्हतं असं ठरलं, तर ही कोण?"

फादरांनी लेकीकडे पाहिलं. "एक्स-रेवाली. गेल्या महिन्यात माझा गुडघा काढलाय तिने."

"फादर, जीव जातोय माझा."

तेव्हा त्यांनी वायर खाली ठेवली. ते म्हणाले, मुलं औरस ती औरसच राहतात. निर्णय काहीही लागो. हे कुणाच्या दयेवर नाही, चर्चच्या नियमातच लिहिलंय. आईबापांपैकी एकाने जरी ते लग्न खरं मानून केलं असेल, तर त्यातली मुलं औरस. "तुम्ही खरं मानून केलं होतंत ना?"

"हो," कडकताई म्हणाली.

"मग झालं तर. हिला कुणी हात लावू शकत नाही. फुलांच्या बाईंना मी सांगतो. त्यांनी मला आधी विचारलं असतं तर... पण विचारलं तर मजा काय राहिली!"

लेकीने मला हे सांगितलं तेव्हा ती जवळजवळ नाचत होती. मीही सुटकेचा श्वास टाकला. सुनावणीला चार दिवस राहिले होते. मला वाटलं, आता कडकताई येईल आणि म्हणेल, खोडा ते.

आली नाही. शुक्रवार गेला. शनिवारी मी लाँड्रीत गेले. ती टेबलाशी होती. वाफ, तिचा चेहरा, पुन्हा वाफ.

"आता कसली भीती?" मी हळूच विचारलं.

तिने इस्त्री उभी केली.

"लेकीचं निमित्त होतं, वहिनी. ते निमित्त गेलं आणि खालून हे निघालं." जरा थांबून म्हणाली, "बाइंडर आठवतात तुम्हाला?"

आठवत होते. मालकांचे मेहुणे, पुस्तकं बांधायचे, बायको गेलेली. दहा-बारा वर्षांपूर्वी रोज एकच शर्ट इस्त्रीला टाकायचे. सगळ्या गल्लीला कळलं होतं ते.

"त्यांनी मला विचारलं होतं. सरळ, नीट. चांगला माणूस. मलाही..." तिने समोरच्या शर्टाची कॉलर सरळ केली. "मी म्हटलं, माझं लग्न झालेलं आहे. ते म्हणाले, नवरा तर गेला. मी म्हटलं, तो गेला, लग्न नाही गेलं. त्यांनी मान हलवली आणि शर्ट घेऊन गेले. पुढल्या वर्षी त्यांनी दुसरं लग्न केलं आणि गाव सोडलं. आता मीच शपथेवर सांगायचं, की ते लग्न नव्हतंच? मग त्या माणसाला मी कशासाठी नाही म्हटलं? सतरा वर्षं मी कशाची राखण करत बसले, वहिनी? रिकाम्या खोलीची?"

मालक काउंटरवर मान खाली घालून बिलांशी उगीच चाळा करत होते. त्यांना ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "तर मग पेन्सिलीचं तसंच ठेवा. शाईने गिरवते मी."

हे मी रागाने म्हटलं नव्हतं. खरंच म्हटलं होतं. कुणी तिला दोष दिला नसता. तिने इस्त्री पुन्हा उचलली. टेबलावर मागून दुसऱ्या बाईने ढीग आणून ठेवला.

रविवारी दुपारी ती दारात उभी. हातात कागद.

"खोडरबर आहे का तुमच्याकडे?"

मी मुलांच्या जुन्या कंपासमधून काढून दिलं. तिने स्वतःच खोडलं, कागदाला सुरकुती न पाडता, इस्त्रीवाल्या हाताने.

"काल गाठोडं पुन्हा घरी आणलं," ती म्हणाली. "आठ दिवसांचं साचलेलं. पाण्यात बुडवायला घेतलं आणि हात पुढे जाईना. म्हटलं, यातला कण मोरीत जाऊ नये म्हणून मी जिना उतरून कुंडीपर्यंत जाते. आणि तोच हात त्या ग्रंथावर ठेवून खोटं बोलायचं? लग्न खरं होतं म्हणून मी ते राखलं ना? मग ते राखायला खोटं लागत असेल तर..." तिने हात झटकला. "लिहा. हो. पाच दिवस आधी. मशीनच्या खोलीत. तो जे बोलला ते सगळं लिहा. डबा गार होतोय, तेही लिहा."

मंगळवारी आम्ही दोघी बसने गेलो. न्यायमंडळ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काळे झगे आणि उंच कठडे. प्रत्यक्षात एका शाळेच्या इमारतीचा दुसरा मजला, लांब व्हरांडा, भिंतीवर पोपडे, आणि "कृपया शांतता राखा" अशी पाटी, जिच्या खाली शाळेची मुलं ओरडत होती. कडकताईने तिची करडी साडी नेसली होती, निऱ्या अशा की बोट कापावं. तिचा हात माझ्या हातात होता. "पाणी?" "नको." "बाथरूम?" "आत्ताच जाऊन आले ना." "परत?" "परत जाते."

मग तिला आत बोलावलं. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. मी पाऊण तास त्या पाटीकडे बघत बसले. दोनदा वाटलं, आतून रडण्याचा आवाज आला. ती शाळेची घंटा होती.

बाहेर आली ती आधी बाकावर बसली. मी रुमाल पुढे केला. तिने तो घेतला, पाहिला, आणि म्हणाली, "याला खळ कमी झालीय." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आत तिघं होते. प्रश्न विचारणारे फादर, टाइप करणाऱ्या सिस्टर, आणि कोपऱ्यात एक सर्दी झालेले वयस्कर फादर. ते कोण, हे कळलं तेव्हा तिला भडभडून आलं. त्यांचं काम म्हणे लग्नाच्या बाजूने बोलायचं. नवऱ्याच्या नाही, बायकोच्या नाही. लग्नाच्या. ते टिकावं म्हणून जे जे सांगण्यासारखं असेल ते शोधून काढायचं.

"वहिनी, इतक्या वर्षांत माझ्या लग्नाच्या बाजूने कुणी बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. नाकाला रुमाल लावून का होईना."

शपथ झाली. सतरावा प्रश्न आला. तिने "हो" म्हटलं आणि सगळं सांगितलं. सिस्टरांनी टाइप केलं. मग त्या सर्दीवाल्या फादरांनी विचारलं, "त्यांनी हे बोलणं नंतर कधी मागे घेतलं का?"

ती म्हणाली, हो. पोरीला दुसऱ्या वर्षी ताप डोक्यात गेला होता, इस्पितळाच्या जिन्यात तो रडला होता आणि म्हणाला होता, आता मी कुठे जाणार तुम्हाला सोडून? "तेही लिहा," ती म्हणाली. फादरांनी ते लिहायला लावलं. मग त्यांनी जरा नरमाईने विचारलं, "पण हे लग्नानंतरचं. लग्नाच्या दिवशी?"

"लग्नाच्या दिवशी त्याच्या मनात तेच होतं. तो खोटं बोलत नाही. तेवढा एक गुण आहे त्याच्यात."

शेवटी जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, काही बदलायचंय? ती म्हणाली, बदलायचं नाही, एक वाक्य घालायचंय. त्याचं हो कसं होतं ते लिहिलंत. माझं हो पूर्ण होतं. तेही लिहा.

सिस्टरांनी प्रश्न विचारणाऱ्या फादरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "लिहा."

येताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मी तेरा वर्षं तिची शेजारीण, पण तिची मान कशाला टेकलेली मी तोवर पाहिली नव्हती.

लेकीच्या लग्नाची नावं तीन रविवार पुकारली गेली. चष्मा उठला नाही. फुलांच्या बाईंनी मात्र लग्नात वेदीभोवती इतकी फुलं रचली की फादरांना पानं बाजूला सारून वाचावं लागलं.

निर्णय यायला चौदा महिने लागले. ते चौदा महिने कडकताईने कसे काढले ते मला विचारू नका. पोस्टमन लाँड्रीपाशी थांबला की इस्त्री उभी राहायची. मालकांनी शेवटी पोस्टमनला सांगून ठेवलं, तिचं पत्र नसेल तर लांबूनच हात हलवत जा.

पत्र आलं ते पुन्हा माझ्या ओट्यावर. पाकीट या खेपेला मऊ झालेलं नव्हतं, तिने त्याच दिवशी आणलं. लग्न मुळात बंधनकारक झालं नव्हतं, असं ठरलं होतं. कारणं बरीच, भाषा जड. मी वाचत होते, ती खाली बघत एप्रनची किनार बोटाने सरळ करत होती. चौथ्या पानावर ते वाक्य आलं. प्रतिवादी स्त्रीची संमती पूर्ण व प्रामाणिक होती, याविषयी मंडळास शंका नाही.

"हे परत वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं.

"परत."

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिने कागद घडी करून घेतले, माझ्या घडीवर पुन्हा स्वतःची घडी घातली. मला वाटत होतं, आता रडेल. किंवा बाइंडरांचं काही बोलेल. तसं काही झालं नाही. ती खिडकीतून जिन्याखालच्या कुंडीकडे बघत होती. शनिवार होता, धुणं राहिलं होतं.

"त्या पोरीची कम्युनियन झाली असेल का हो एव्हाना?" ती म्हणाली. "पुढल्या वर्षी म्हणून लिहिलं होतं त्याने. म्हणजे झाली असणार. नाहीतर या महिन्यात. तो मागच्याच बाकावर बसला असेल तर?"

"आता नाही बसायचा. लग्न लावून घेतील ते दोघं."

"आधी व्हायला हवं होतं." ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. कपाळावर तीच जुनी आठी. "कम्युनियनच्या पांढऱ्या फ्रॉकला अगदी हलकी खळ लागते, वहिनी. जास्त झाली तर पोरीला टोचते, कमी झाली तर फोटोत गबाळा दिसतो. आणि ती बाई नर्स. तिला कुठे वेळ असणार?"